वजनातली घट

मुद्देमाल खोलीची चावी सात वर्षं माझ्याकडे आहे.
त्याआधी द्वारका चौकात वाहतूक होते,
तेव्हा इथली हवा बरीच म्हणायची.
आत कोयते, मोबाइल, एक सायकल
जिचे फिर्यादी आणि आरोपी दोघंही वारले,
आणि मागच्या भिंतीला, लाखेची मोहर लावलेल्या गोण्यांत
गांजा.

पंचनाम्यात अकरा किलो दोनशे.
कोर्टात तोलला, नऊ किलो आठशे.
वकील म्हणाला, बाकीचा कुठे गेला, बाई?
वाळला, म्हटलं.
सगळे हसले. साहेबांनी खाली बघून कागद चाळले.
आपण पुरावा आहोत हे
झाडाला कोणी सांगितलेलं नसतं.

सुमेध साळवे, वय एकोणीस,
पेठ रोडच्या मार्केटात क्रेट उचलायचा.
स्टीलच्या डब्यात पुडी. काट्यावर बेचाळीस,
प्लास्टिक वजा जाता चाळीस ग्रॅम.
जामीन लगेच झाला. तारखा लगेच संपत नाहीत.
मध्ये त्याने भरतीचा फॉर्म भरला,
आणि चारित्र्य पडताळणीचा कागद
फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला.
मी खरं तेच लिहिलं.

कुंभाला मी तपोवनात बंदोबस्तावर होते.
राहुट्यांवर चिलमींचा धूर इतका
की शिट्टी तोंडात धरून खोकला यायचा.
आमचे साहेब टोपी काढून पाया पडले,
उठले, डोळे पुसले, म्हणाले,
बेंडकुळे, रांग नीट लावा.
मी रांग नीट लावली.
त्या दिवशी काटा कुणीच आणला नव्हता.

भाची गंगापूर धरणाकडे वाइनरीत लागलीय.
शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात,
ती पेला तिरका धरून सांगते, आधी हुंगा, मग घोट घ्या.
बाटलीवर सरकारचा शिक्का, टक्केवारी,
कुठल्या मळ्यातली द्राक्षं, कुठल्या साली खुडली.
मी लेबल दोनदा वाचलं.
वाचायची सवय, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात कसल्याशा अभ्यासाला दोघं आले.
चहा झाला. मग विचारलं,
तुम्हाला काय वाटतं, मोकळा करावा का?

मला विलास आठवला. माझा धाकटा.
बाविसाव्या वर्षी त्याच्याशी रेडिओ बोलायला लागला,
बंद असलेलाही.
डॉक्टर म्हणाले, यामुळे असेल, किंवा आतच असेल,
यामुळे लवकर आलं असेल.
आई बाहेरून कडी घालून उंबऱ्यावर बसायची,
आणि आतून तो बातम्या सांगायचा.

मोकळा कसा म्हणू?
पण तेव्हाही तो बंदच होता की.
नाशिकरोडच्या मालधक्क्यामागे
वर्तमानपत्राच्या तुकड्यात मिळायचा,
देणाऱ्याने वय विचारलं नाही,
पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं,
शब्दकोडं सोडून.

मोकळा नको, म्हटलं. मोजका करा.
कुणी पिकवला, किती कडक, कुणाला दिला,
एकवीसच्या आतल्याला का दिला,
याची एक वही ठेवा.
आणि त्या वहीचा पैसा
कडी लावलेल्या घरांकडे जाऊ द्या.
त्यांनी लिहून घेतलं. अक्षर बारीक होतं,
मोकळा लिहिलं की मोजका, मला दिसलं नाही.

कोर्टाचा हुकूम आला, नाश करा.
सातपूरच्या एका कंपनीचा बॉयलर मागून घेतला.
फोटो, दोन पंच, नाकाला रुमाल.
अर्ध्या तासाने एका पंचाने
रुमाल हळूच खिशात ठेवला.
मी नोंदीत लिहिलं नाही.

काल सुमेध आला. सुटलाय.
आता रिक्षा चालवतो, बदलीवर.
म्हणाला, मॅडम, डबा मिळेल का? आईचा आहे.
अर्ज लिही, म्हटलं, हुकूम लागतो.
तो बाकावर बसून लिहीत होता तेवढ्यात
मी डबा काढला, फडक्याने पुसला,
सवयीने काट्यावर ठेवला.

दोनशे दहा ग्रॅम.
जप्तीच्या दिवशी होता तेवढाच.